डॉ. अलेक्झांडर यर्सिन : मेलेल्या उंदरांची साक्ष ऐकणारे वैद्य

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पाचव्या व सहाव्या अध्यायांत पलिष्टी लोकांची जी हकीकत आली आहे, ती आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. देवाचा कोश त्यांनी आपल्या मुलखात नेला तेव्हा नगरामागून नगरात गाठींचा रोग उद्भवला व मनुष्ये मरू लागली. पुढे कोश परत पाठविण्याचे ठरले, त्या वेळी त्यांनी त्याबरोबर सोन्याच्या पाच गाठी व सोन्याचे पाच उंदीर करून पाठविले. हा रोग प्लेगच होता असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. तथापि कित्येक पंडितांचे मत तसे आहे. गाठी आणि उंदीर ही जोडी शास्त्राच्या त्या पानावर इतकी शतके शेजारी शेजारी उभी होती. परंतु मनुष्याच्या जांघेत येणारी गाठ आणि घरात मरून पडलेला उंदीर ह्यांच्या पोटात एकच रोगजंतू आहे, हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून दाखविण्यास इ. स. १८९४ साल उजाडावे लागले. ज्या गृहस्थांनी हे दाखविले, त्या डॉ. अलेक्झांडर यर्सिन ह्यांचे चरित्र आज येथे थोडक्यात देत आहोत.

बालपण व शिक्षण

यर्सिन ह्यांचा जन्म ता. २२ सप्टेंबर १८६३ रोजी स्वित्झर्लंड देशाच्या व्हो प्रांतात, ओबोन गावाजवळ झाला. वडील सृष्टिशास्त्राचे शिक्षक असून तेथील बंदुकीच्या दारूच्या कारखान्यावर देखरेख करीत. किडे, टोळ, रातकिडे ह्यांचा अभ्यास करण्याचा त्यांस मोठा नाद होता. परंतु मुलाचे तोंड पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. अलेक्झांडरच्या जन्माआधी सुमारे तीन आठवडे ते मस्तकातील रक्तस्रावाने एकाएकी वारले. विधवा आई फॅनीबाई तीन लेकरे घेऊन मोर्ज गावी राहावयास गेली व तेथे मुलींची शाळा चालवून तिने संसार रेटला. घराणे कडक प्रोटेस्टंट वळणाचे होते. नियमित उपासना, साधी राहणी, वायफळ खर्चाचा तिटकारा व दिलेल्या शब्दास जागणे, हे वळण मुलास आईच्या मांडीवरच लागले.

घराच्या माळ्यावर वडिलांची एक पेटी पडून होती. तीत त्यांचे सूक्ष्मदर्शक यंत्र व किडे चिरण्याची हत्यारे होती. ती मुलाच्या हाती लागली. ज्या बापास त्याने कधी पाहिले नाही, त्याच्याच यंत्रातून तो जग पाहू लागला. लोकांच्या पायाखाली चिरडल्या जाणाऱ्या बारीक जिवांकडे लक्ष देऊन पाहण्याची सवय त्यास येथूनच लागली, आणि तीच पुढे लक्षावधी लोकांच्या कल्याणास कारण झाली.

लोझान, मारबुर्ग व शेवटी पॅरिस येथे त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला. पॅरिसच्या रुग्णालयात असताना, पिसाळलेल्या जनावराच्या चावण्याने मेलेल्या एका मनुष्याचे प्रेत तपासते वेळी त्यांच्या हातास चाकू लागला. त्या रोगाची बाधा होणे म्हणजे निश्चित मरण. सुदैवाने पाश्चर साहेबांनी त्या रोगावरील लस नुकतीच सिद्ध केली होती. पाश्चर ह्यांचे उजवे हात डॉ. एमिल रू ह्यांनी तरुण यर्सिन ह्यांस ती टोचली व त्यांचा जीव वाचला. ह्याच ओळखीतून १८८६ मध्ये पाश्चर ह्यांच्या प्रयोगशाळेचे द्वार त्यांस उघडले. दोनच वर्षांनी, १८८८ साली, रू व यर्सिन ह्या दोघांनी मिळून घटसर्पाचा जंतू आपल्या विषाने मुलांचा घात करतो हे सिद्ध केले. त्याच साली यर्सिन ह्यांनी बर्लिन येथे डॉ. रॉबर्ट कॉख ह्यांच्या शिक्षणवर्गातही हजेरी लावली. गुरांच्या फाशी रोगाचा जंतू कॉख ह्यांनी १८७६ साली दाखवून दिला होता, आणि जनावराचा रोग व मनुष्याचा रोग ह्यांत भिंत नाही ही गोष्ट तेव्हापासून विद्वानांस पटू लागली होती.

पंचविशीत एवढा मान मिळालेला मनुष्य पॅरिसमध्येच राहून मोठ्या पदास चढता. पण यर्सिन ह्यांचे मन मोठ्या शहरात रमेना. त्यांनी १८९० साली जहाजावरील डॉक्टरची चाकरी पत्करली व ते पूर्वेकडे निघाले. त्या वेळच्या फ्रेंच हिंदी चीनच्या, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या, किनाऱ्यावर ते उतरले आणि तोच देश त्यांचे घर झाला. त्यांनी आपल्या आईस शेकडो पत्रे लिहिली. वैद्यकीवर पोट भरणार काय, असे आईने विचारले असता, दुखणाइताकडून पैसा मागणे आपणांस कधीच जमणार नाही, वैद्यकी ही पाळकाच्या सेवेसारखी सेवा आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी तिला पाठविले होते. आमच्या उपदेशक बंधूंनी ही गोष्ट मनात धरून ठेवावी.

हाँगकाँग येथील गवती झोपडी

१८९४ साली चीन देशातील युनान प्रांताकडून प्लेग कँटन शहरात आला व तेथून हाँगकाँग बंदरात शिरला. त्या एका साली हाँगकाँगमध्ये सुमारे अडीच हजार मनुष्ये मेली. रोगाचे मूळ शोधण्यास फ्रेंच सरकारने यर्सिन ह्यांस पाठविले. ता. १५ जून रोजी ते हाँगकाँगास पोहोचले. तीन दिवस अगोदर जपानहून डॉ. कितासातो हे नामांकित शास्त्रज्ञ आपल्या सहकाऱ्यांसह येऊन कामास लागले होते. कॉख साहेबांचे ते शिष्य. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांस रुग्णालयातील खोल्या, साहित्य व तपासणीसाठी प्रेते, सर्व काही दिले होते.

यर्सिन एकटे होते. त्यांच्यापाशी एक सूक्ष्मदर्शक यंत्र व थोडे सामान. रुग्णालयात त्यांस जागा मिळेना, प्रेते तपासण्याची परवानगीही मिळेना. शेवटी विगानो नावाच्या एका इटालियन रोमन कॅथलिक पाद्र्याने त्यांचा हात धरला. त्याच्या साहाय्याने दोन दिवसांत रुग्णालयाच्या लगत बांबू व गवत ह्यांची एक झोपडी उभी राहिली. आमच्या शेतावर राखणीसाठी घालतात तसलीच ती खोप. तीच यर्सिन ह्यांची प्रयोगशाळा व तेच त्यांचे निजण्याचे ठिकाण.

झोपडी झाली, पण रोगाची गाठ तपासावयास मिळाल्यावाचून पुढे पाऊल पडेना. प्रेते पुरण्यापूर्वी पेट्यांत चुना घालून एका तळघरात ठेवीत व त्यांवर खलाशांचा पहारा असे. पाद्र्याच्या सांगण्यावरून यर्सिन ह्यांनी त्या खलाशांच्या हातावर थोडे पैसे ठेवले व आत प्रवेश मिळविला. हे कृत्य नियमास धरून होते असे आम्ही म्हणत नाही, व लाच देणे हा काही कित्ता गिरविण्यासारखा धडा नव्हे. तथापि ज्या अधिकाऱ्यांनी मत्सराने अथवा बेपर्वाईने दार बंद ठेवले, त्यांच्या माथी त्याचा काही वाटा येतोच. यर्सिन ह्यांनी प्रेतावरील चुना बाजूस सारला, जांघेतील गाठ कापून घेतली व मिनिटभरात ते आपल्या झोपडीकडे धावले.

गाठीतील पू त्यांनी काचेवर पसरला, त्यास रंग दिला व यंत्राखाली धरला. दोन्ही टोके वाटोळी असलेल्या आखूड, जाड काडीसारखे असंख्य जंतू तेथे खच्चून भरलेले दिसले. हा ता. २० जूनचा दिवस. तोच पू त्यांनी जंतू वाढविण्याच्या खळीवर लावला व पांढऱ्या उंदरांस आणि गिनीपिगांस टोचला. खळीवर तेच जंतू वाढले. टोचलेली जनावरे मेली आणि त्यांच्या गाठींतही तेच जंतू सापडले. रोग्यात जंतू दिसणे, तो वेगळा काढून वाढविणे, त्याने दुसऱ्या जिवास तोच रोग होणे, व त्या दुसऱ्या जिवातही तोच जंतू मिळणे, अशी ही चौकशी आहे. चौकटीत सोडलेला कोणताही दुवा साक्षीस कच्चेपणा आणतो. यर्सिन ह्यांनी एकही सोडला नाही.

येथे एक नवल सांगण्यासारखे आहे. कितासातो ह्यांच्यापाशी जंतू वाढविण्याची ऊबदार पेटी होती, तीत मनुष्याच्या अंगाइतकी ऊब राही. यर्सिन ह्यांच्यापाशी तसले काही नव्हते. त्यांचे जंतू झोपडीतील हवेतच वाढले. पुढे असे कळून आले की, प्लेगचा जंतू मनुष्याच्या अंगाच्या उष्णतेपेक्षा कमी उष्णतेत, सुमारे २८ अंशांवर, अधिक चांगला वाढतो. ज्यास आपण उणीव म्हणतो तीच येथे उपयोगी पडली. कितासातो हेही थोर शास्त्रज्ञ होते व त्यांनीही तो जंतू पाहिला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु त्यांच्या वर्णनात दुसऱ्या जंतूची सरमिसळ झाली असे पुढील विद्वानांचे मत पडले, आणि यर्सिन ह्यांचे वर्णन शुद्ध व नेमके ठरले.

उंदरांची तपासणी

यर्सिन एवढ्यावरच थांबते तर त्यांचे नाव मोठे झालेच असते. पण त्यांनी पाहिले ते सर्वांच्या पायांखालचे. हाँगकाँगच्या गल्ल्यांत, घरांत, गटारांत मेलेले उंदीर पडले होते. लोक ते झाडून बाहेर टाकीत. चिनी लोकांस फार दिवसांपासून ठाऊक होते की, आधी उंदीर मरतात व मग मनुष्ये. आमच्या देशातील खेड्यांतही हेच ज्ञान होते. उंदीर पडू लागले म्हणजे शहाणी माणसे गाव सोडून माळावर झोपड्या घालीत. पण शिकलेले लोक अडाण्यांच्या ह्या बोलण्याकडे फारसे लक्ष देत नसत.

यर्सिन ह्यांनी ते मेलेले उंदीर गोळा करून चिरले. त्यांच्या गाठींत, काळजात व रक्तात तोच आखूड काडीसारखा जंतू भरलेला होता. मनुष्याचा प्लेग व उंदराचा प्लेग हे दोन रोग नव्हेत, एकच होत. आपली हकीकत त्यांनी पॅरिसला कळविली, ती ता. ३० जुलै १८९४ रोजी तेथील विद्वत्सभेपुढे वाचण्यात आली. रोग पसरविणारे मुख्य वाहन उंदीरच असावा, असा अभिप्राय त्यांनी प्रसिद्ध केला. खेड्यातील अडाणी म्हातारी जे सांगत होती ते खरे होते. फक्त तिच्यापाशी काच नव्हती.

पुढे मुंबईच्या परळ येथील प्लेगच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या तपासणीचे हे काम फार मोठ्या प्रमाणावर चालले. घरोघरचे मेलेले उंदीर आणून चिरीत व कोणत्या मोहल्ल्यात रोग शिरला हे माणूस आजारी पडण्यापूर्वी ओळखीत. प्लेगने मेलेल्या उंदराच्या मानेत बहुधा गाठ सुजलेली असते, कातड्याखाली लाली पसरलेली असते, काळजावर बारीक ठिपके दिसतात व छातीच्या पोकळीत पाणी साचलेले असते. सवयीच्या नजरेस एवढ्यावरून संशय येतो, व खात्री मात्र यंत्राखाली होते.

मुंबईतील अपयश

जंतू सापडला म्हणजे औषध सापडले असे नव्हे. यर्सिन १८९५ साली पॅरिसला गेले व रू इत्यादी मित्रांबरोबर त्यांनी एक उपाय शोधला. घोड्यास प्लेगचे जंतू थोडे थोडे टोचले म्हणजे त्याच्या रक्तात रोगाशी झुंजण्याचे सामर्थ्य येते. त्या रक्तातील पाणी वेगळे काढून रोग्यास टोचावयाचे. ह्यास आपण रक्तजल म्हणू. ते तयार करण्यासाठी त्यांनी न्हा त्रांग ह्या कोळ्यांच्या गावी समुद्रकाठी तबेला व प्रयोगशाळा बांधली. १८९६ साली ते रक्तजल घेऊन कँटन येथे गेले. तेथील रोमन कॅथलिक मिशनमधील अठरा वर्षांचा एक विद्यार्थी प्लेगने मरणोन्मुख झाला होता. तो त्या औषधाने उठून बसला. नंतर अमॉय बंदरातही बहुतेक रोगी वाचले. यर्सिन ह्यांची कीर्ती सर्वत्र झाली.

इकडे मुंबईत मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या आसपास, प्लेग सुरू झाला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये तो प्रथम ओळखला तो मूळचे गोमंतकीय डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी. रोग बघता बघता पुण्यास गेला व मग गावोगाव पसरला. मार्च १८९७ च्या आरंभी यर्सिन आपले रक्तजल घेऊन मुंबई बंदरात उतरले. त्याच दिवसांत पुण्यात सावित्रीबाई फुले ह्या प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. ती करीत असता त्यांसच रोगाने गाठले व ता. १० मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले. मुंबईहून पुणे काही फार दूर नव्हे. पण त्या घटकेस हाती खात्रीचा उपाय कोणापाशीच नव्हता, यर्सिन ह्यांच्यापाशीही नव्हता.

अमॉय येथे जे घडले ते मुंबईत घडेना. रक्तजलाचा गुण पूर्वीसारखा येईना व पुष्कळ रोगी दगावले. ज्या मनुष्याने रोगाचा जंतू शोधला, त्याच्याच हातून रोगी मरत होते. यर्सिन ह्यांनी हे झाकून ठेवले नाही, औषधाची फुशारकी मारली नाही व भोळ्या लोकांस भुलविले नाही. ते आपल्या प्रयोगशाळेकडे परतले, आणि मुंबईचे काम चालविण्यास पाश्चर संस्थेने डॉ. पॉल लुई सिमाँ ह्यांस पाठविले.

सिमाँ हे फ्रान्समधील एका प्रोटेस्टंट पाळकाचे चिरंजीव. यर्सिन ह्यांच्या शोधात एक दुवा राहिला होता, तो ह्यांनी भरून काढला. उंदराचा रोग मनुष्यास लागतो कसा? यर्सिन ह्यांस ते उलगडले नव्हते. सिमाँ ह्यांनी प्लेगच्या रोग्यांच्या अंगावर बारीक फोड पाहिले. ते किड्याच्या चाव्यासारखे दिसत होते. ताज्या मेलेल्या उंदरास हात लावणारा मनुष्य आजारी पडे, पण मरून बराच वेळ झालेल्या उंदरापासून तितके भय नसे. ह्यावरून त्यांचे लक्ष पिसवांकडे गेले. जून १८९८ मध्ये कराची येथे त्यांनी काचेच्या मोठ्या भांड्यात पिसवा असलेला, प्लेगने आजारी उंदीर ठेवला व त्याच भांड्यात तारेच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांस स्पर्श होणे शक्य नव्हते. आजारी उंदीर मेला. पाचेक दिवसांनी निरोगी उंदीरही प्लेगने आजारी पडून मेला. पिसवा काढून हाच प्रयोग केला तेव्हा रोग लागला नाही.

उंदीर मेला म्हणजे त्याचे अंग गार होते, आणि गार अंगावर पिसू राहत नाही. ती दुसरे ऊबदार अंग शोधते. आधी उंदीर व मग मनुष्ये मरतात ते ह्यामुळे. सिमाँ ह्यांचे म्हणणे कित्येक वर्षे कोणी मानीना. ते खरे ठरविणारे मोठे प्रयोग पुढे मुंबईतच १९०५ पासून झाले. करिंथ येथील मंडळीस पौलाने लावणारा व पाणी घालणारा ह्यांविषयी जे शिकविले, ते येथे आठवते. एकाने जंतू दाखविला, दुसऱ्याने पिसू दाखविली. ह्यांपैकी एकही आपल्या अपयशास लाजून गप्प बसता, तर दुसऱ्याचे काम अडून राहते.

न्हा त्रांग येथील सेवा

यर्सिन ह्यांचे उरलेले आयुष्य न्हा त्रांग येथेच गेले. तेथील प्रयोगशाळेचे पुढे पाश्चर संस्थेत रूपांतर झाले. घोडे, गाई व म्हशी हे तेथे त्यांच्या नित्याच्या पाहण्यातले झाले, कारण त्या देशातील शेतकऱ्याचा जीव आमच्या शेतकऱ्याप्रमाणेच गुरांत अडकलेला. त्या वेळी बुळकांडीने गोठेच्या गोठे ओस पडत. तिच्यावर रक्तजल तयार करण्याचे काम यर्सिन व त्यांचे सहकारी करीत. बुळकांडीचे कारण जिवाणू नसून त्याहून सूक्ष्म असा विषाणू आहे व तो त्या काळच्या यंत्रास दिसत नसे. तरी त्यांनी प्रयत्न सोडला नाही. हा रोग २०११ साली सर्व जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. ज्या असंख्य हातांनी हे काम तडीस नेले, त्यांत ते आरंभीचे हातही होते.

संस्थेस पैसा कमी पडू लागला तेव्हा यर्सिन ह्यांनी सुओई दाऊ येथे रबराची झाडे लावली व त्यांच्या चिकाच्या उत्पन्नावर प्रयोगशाळा चालविली. पुढे हिवतापाच्या रोग्यांस क्विनीन मिळावे म्हणून डोंगरावर सिंकोना झाडांची लागवड केली. हॅनोई येथे १९०२ साली वैद्यकशाळा निघाली, तिचे पहिले मुख्य तेच. पण पद, मानपत्रे व सभा ह्यांचा त्यांस कंटाळा. ते आजन्म अविवाहित राहिले. समुद्रकाठी कोळ्यांच्या वस्तीत त्यांचे घर होते. गरिबांस ते फुकट औषध देत. वादळाची चिन्हे दिसली म्हणजे कोळ्यांस अगोदर सावध करीत व समुद्राचे पाणी चढले म्हणजे त्यांच्या बायकामुलांस आपल्या घरात आसरा देत. मुले त्यांच्या घरात चित्रांची पुस्तके पाहावयास येऊन बसत. लोक त्यांस प्रेमाने पाचवे दादा अशा अर्थाच्या नावाने हाक मारीत.

ता. १ मार्च १९४३ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते न्हा त्रांग येथेच वारले. आपल्या अंत्यविधीस थाटमाट नसावा, भाषणे नसावी, असे त्यांनी सांगून ठेवले होते. तरी कोळी व शेतकरी ह्यांची मोठी रांग त्यांच्या मागून चालली. सुओई दाऊच्या टेकडीवर त्यांची साधी कबर आहे. त्या देशावर पुढे कित्येक राज्यक्रांत्या व लढाया होऊन गेल्या, परकीय सत्तेची आठवण करून देणारी पुष्कळ नावे पुसली गेली. यर्सिन ह्यांचे नाव मात्र तेथील रस्त्यांवर राहिले. प्लेगच्या जंतूस आधी त्यांच्या गुरूच्या, म्हणजे पाश्चर ह्यांच्या, नावावरून नाव दिले होते. आता तो यर्सिनिया ह्या नावाने ओळखला जातो.

बोध

प्रिय वाचकहो, हे चरित्र केवळ जुनी गोष्ट म्हणून सांगितले नाही. १८९६ पासून पुढील काही वर्षांत आपल्या देशात प्लेगने एक कोटीहून अधिक मनुष्ये मेली. आमच्यांतील कित्येक घराण्यांत त्या साथीत पोरकी झालेली लेकरे मिशनच्या वसतिगृहांत वाढली. आणि तो रोग कायमचा गेला असेही नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी आधी पिसवा फार झाल्या, उंदीर पडू लागले, आणि मग गाठीच्या तापाचे रोगी आढळले. रानातील उंदरांत हा जंतू टिकून राहतो. म्हणून आजही सरकारी आरोग्यखात्याचे लोक उंदीर व कुत्रे ह्यांचे रक्त तपासून रोगाची चाहूल घेतात. आनंदाची गोष्ट ही की, आज ह्या रोगावर गुणकारी औषधे आहेत व ती वेळेवर मिळाली तर बहुतेक रोगी बरे होतात. सर्व काही वेळेवर कळण्यावर अवलंबून आहे.

म्हणून घरात, वखारीत अगर वाड्यात उंदीर आपोआप मरू लागले तर ते उघड्या हाताने उचलू नयेत व मुलांस शिवू देऊ नयेत. आरोग्यकेंद्रात ताबडतोब वर्दी द्यावी. आधी पिसवांचा नाश करावा व मग उंदरांचा, कारण उंदीर आधी मारले तर पिसवा मनुष्याकडे वळतात. जांघेत किंवा काखेत गाठ येऊन जोराचा ताप आला तर अंगारा, धुपारा, गंडा ह्यांत एक दिवसही दवडू नये.

गुरांविषयीही तेच. धडधाकट जनावर एकाएकी मेले व त्याच्या नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त आले, तर तो फाशी रोग असावा असे समजावे. ते चिरू नये, सोलू नये, खाऊ नये. पशुवैद्य कानाच्या शिरेतील रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन खात्री करतो. मग ते चुना घालून खोल पुरावे. मेलेली जनावरे ओढण्याचे व सोलण्याचे काम गावाने आमच्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांच्या माथी मारले होते. त्या पायी किती जीव गेले ह्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. गाय गाभडली तर तिच्या वारेस उघडा हात लावू नये, कारण तो रोग मनुष्यास लागतो व महिनोन्‌महिने तापाने झिजवितो. दूध नेहमी उकळूनच प्यावे.

यर्सिन हे मिशनरी नव्हते, उपदेशकही नव्हते. परंतु ज्याकडे सगळ्यांनी नाक मुरडले, त्याच्यापुढे ते गुडघे टेकून बसले व त्याची साक्ष त्यांनी ऐकून घेतली. चिमणीसुद्धा आपल्या पित्याच्या नजरेआड भूमीवर पडत नाही, असे प्रभूने आम्हांस शिकविले आहे. मग घराच्या कोपऱ्यात पडलेल्या जिवाकडे, गोठ्यात कण्हणाऱ्या मुक्या जनावराकडे, आणि ते पाहून काही सांगू पाहणाऱ्या गावातील गरीब म्हातारीकडे आम्ही दुर्लक्ष करावे काय? पुढच्या वेळी तुमच्या वस्तीत उंदीर पडले आणि कोणी ते मंडळीत येऊन सांगितले, तर त्यास हसू नका. उठा, व वर्दी देण्यास चालू लागा.